शांतवन टेलरचे न ऐकलेले बँड

नगरला दिल्ली दरवाजाच्या आतल्या बाजूला, सायकल दुरुस्तीचं दुकान आणि भेळेची गाडी यांच्या मधे चेपून बसल्यासारखं शांतवन साळव्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. पाटीवर 'साळवे ड्रेसेस : बँड, शाळा व वकील' एवढंच लिहिलेलं. वकील एकच होते आणि कोट उसवला तरच यायचे. शाळेचे गणवेश जूनपुरते. खरं गिऱ्हाईक म्हणजे लग्नात वाजवणारे बँडवाले. लाल कोट, खांद्यावर पिवळे झुपके, छातीवर आडव्या सोनेरी पट्ट्या आणि पँटीच्या कडेनं घोट्यापर्यंत उतरलेली जाड फीत, असला पोशाख शिवावा तर शांतवननंच, असं पाथर्डीपासून कोपरगावापर्यंतचे बँडवाले म्हणत.

माप घेण्याची त्याची तऱ्हा न्यारी होती. बँडवाल्याला तो वाद्य घेऊनच बोलवायचा.

"असा गप उभा राहिलास तर छाती छत्तीस भरती," तो म्हणायचा. "फुंक मार. मग खरी किती ते कळंल."

मग बँडवाला दुकानात उभ्या उभ्या ट्रम्पेट फुंके, शांतवन त्याच्या फुगलेल्या छातीला टेप गुंडाळी आणि शेजारचा सायकलवाला हातातली ट्यूब खाली टाकून दोघांच्या नावानं ओरडे. या रीतीनं शांतवननं जिल्ह्यातला जवळपास प्रत्येक बँड ऐकला होता, पण एकेक माणूस सुटा करून. सगळे मिळून कसे वाजवतात ते त्यानं फारसं ऐकलंच नव्हतं, कारण ऐन लग्नसराईत त्याला मशीनवरून मान वर करायला सवड नसे. त्यामुळं त्याच्या मतांना कुठंही धक्का लागलेला नव्हता.

आणि मतं तर ढीगभर होती. जो बँड सगळ्यांना ठाऊक आहे तो ऐकण्यात काही अर्थ नाही, हे त्यातलं मुख्य. कुणी पाहुणा सहज म्हणाला, "काल लग्नात अमक्यांचा बँड होता, झकास वाजवला," की शांतवनच्या चेहऱ्यावर दुःखी हसू उमटे. तोंडातली टाचणी काढून तो म्हणे, "बरा हाय. पण तुम्हाला तो आवडला ना, मग तुम्ही तिसगावचा नवजीवन ऐका. कुणाला म्हाईत न्हाई. पण ऐका." पाहुणा लुंगीच्या कडा शिवून घ्यायला आलेला असला तरी नवजीवन ऐकल्याशिवाय त्याची सुटका नसे. म्हणजे बँड ऐकल्याशिवाय नव्हे, बँडाबद्दल ऐकल्याशिवाय. बायको कृपाबाई मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या. त्या म्हणायच्या, "आमच्याकडं लोक कापड घेऊन येतात आणि प्रवचन घेऊन जातात."

एकाहत्तर साल नुकतंच लागलं होतं. कॉलेजांमधून स्नेहसंमेलनाची धामधूम चालू होती. एका दुपारी दुकानात दोन पोरं शिरली. पुढच्याचे केस कॉलरच्या खाली उतरलेले, डोळ्यांवर चौकोनी गॉगल आणि हातात विलायती मासिकातून फाडलेलं एक चित्र. हा कोपरगावच्या एका उसवाल्या बागायतदाराचा मुलगा, गोरक्षनाथ. कॉलेजात त्यानं आपलं नाव 'रॉक्स' करून घेतलं होतं. 'गोरक्षनाथ'मधलाच मधला तुकडा आहे, असं तो समजावून सांगायचा. मागचा होता त्याचा खोलीतला सोबती छगन. त्याचे केस लांब नव्हते, कारण त्याचे वडील महिन्यातून एकदा अचानक येत.

गोरक्षनाथनं चित्र मशीनवर ठेवलं. चित्रातल्या गोऱ्या माणसाची पँट मांडीला घट्ट आणि खाली घागऱ्यासारखी पसरलेली होती.

"मामा, अशी पँट पाहिजे. बेलबॉटम. मोहरी चोवीस इंच."

पँटीच्या पायाच्या खालच्या घेराला मोहरी म्हणतात. शांतवननं आजवर सोळाच्या पुढं मोहरी शिवलेली नव्हती.

"चोवीस? पाय किती घालणार एकेका बाजूत?"

"फॅशन आहे, मामा. रविवारी गॅदरिंगला आमचा प्रोग्राम आहे. रॉक म्युझिक."

"बँड हाय तुमचा?" शांतवनचे डोळे चमकले.

"ग्रुप आहे. मी गिटार, हा बाँगो. रेकॉर्ड ऐकून सगळं बसवलंय आम्ही. अगदी नवं म्युझिक, या वर्षाचं. तुम्हाला नाही कळणार."

हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. शांतवननं टेप गळ्यात अडकवला, स्टूल ओढलं आणि पोरांना बसायची खूण केली. छगन बसला. गोरक्षनाथची पँट आधीचीच इतकी घट्ट होती की तो उभाच राहिला.

"मला सांग, त्यात तुला आवडतं काय?"

"काय म्हणजे? जोर! ते लोक इतकं बेभान वाजवतात की शेवटी गिटारी फोडतात."

"मग तू तिसगावचा भीमा ऐक," शांतवन लगेच म्हणाला. "मोठा ढोल वाजवतो. तीन फोडलेत आजपातुर. मुद्दाम न्हाई, पण फोडलेत."

"आणि त्यांच्या गाण्याचा अर्थ सहज लागत नाही. गूढ असतं."

"तर मग आसाराम ऐक. क्लॅरोनेट वाजवतो. काय वाजवतोय ते आसारामलासुदिक कळत न्हाई."

"आणि ते कुणाचं ऐकत नाहीत!" गोरक्षनाथ चिडून म्हणाला. "बंडखोर आहेत ते!"

"सहादेव मास्तर!" शांतवननं मांडीवर थाप मारली. "एका लग्नात नवरदेवाचा बाप 'थांबा थांबा' म्हणत ऱ्हायला, मास्तर थांबलाच न्हाई. भटजीनं मंगलाष्टकं हातवारे करून म्हटली. पोरांनो, तुमाला जे आवडतं ते सगळं आपल्या जिल्ह्यात आधीच हाय. नवजीवन ब्रास बँड, तिसगाव. तीन वर्षं कुणी सुपारी दिली न्हाई त्यांना, इतका चांगला बँड हाय."

छगनला या वाक्यात काहीतरी खटकलं. दोघं हसत हसत गेले. शांतवनला ते हसणं लागलं.

शुक्रवारी गोरक्षनाथ पँट न्यायला आला. शांतवननं हसतमुखानं पँट पुढं धरली. डावा पाय तयार होता, चोवीस इंची, झोकदार. उजव्या बाजूला नुसतं कापड लोंबत होतं.

"दुसरा पाय?"

"नवजीवन ऐकून आल्यावर."

"मामा, परवा प्रोग्राम आहे!"

"मंग उद्याच जाऊ. सकाळी पाथर्डीची यष्टी हाय. तुला वाटलं बेकार, तर मी पुन्हा कधी बँडाचं नाव काढणार न्हाई."

आत भाजी निवडत बसलेल्या कृपाबाईंनी हे ऐकलं आणि त्या बाहेरच आल्या. "जा रे बाळांनो," त्या हात जोडून म्हणाल्या. "बेकारच वाटू दे. एवढे उपकार करा."

शनिवारी सकाळी तिघं तिसगावला उतरले. बाजाराचा दिवस होता. कांदे, मिरच्या, शेळ्या आणि माणसं यांची एकच गर्दी. शांतवनची छाती फुगली होती. पोरांना तो असा वाट काढून देत होता, जणू तिसगावात पंतप्रधान आलेत. पण सहादेव मास्तरांच्या गिरणीत पाऊल टाकलं आणि तो दारातच थबकला.

मास्तर भुवयांपर्यंत पिठानं पांढरे झाले होते. त्यांच्यामागं गिरणीच्या तोंडात उलटा खोचलेला होता बँडातला तो सगळ्यात मोठा पितळी भोंगा, आणि एक बाई त्याच्या रुंद तोंडातून बाजरी ओतत होती.

"मास्तर! भोंग्याची ही दशा?"

"मंग काय करू?" मास्तर म्हणाले. "भोंगेवाला गेला कोपरगावला, शुगर फॅक्टरीत लागला. भोंगा म्हणला, मी रिकामा हाय. लावला कामाला."

"ही पोरं तुमाला ऐकायला आल्यात. नगरहून."

मास्तरांनी पोरांकडं पाहिलं. गॉगल पाहिला, केस पाहिले. "कुनाचं लगीन हाय?"

"कुनाचंच न्हाई. नुसतं ऐकायला."

लग्नाशिवाय बँड ऐकायला माणसं येतात, हे मास्तरांच्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला. शिरल्यावर मात्र त्यांनी गिरणीचा पट्टाच काढला. बाजरीवाली बाई अर्धं दळण घेऊन उभी राहिली. भीमाला कांद्याच्या ढिगावरून उठवून आणलं. त्यानं ढोल बाजेखालून ओढला आणि धूळ झटकायला एकच टिपरू मारलं, तर पलीकडच्या घरातलं पोर रडत उठलं. आसाराम सगळ्यात शेवटी आला आणि हसला. त्याचे पुढचे दात नव्हते.

"आसाराम, दात कुठं गेलं?" शांतवननं घाबरून विचारलं.

"दिवाळीत गेलं. शकली कडक झालती."

"मंग क्लॅरोनेट?"

"वाजल की," आसाराम म्हणाला. "शुटशुटीत वाजल."

राहता राहिला भोंगा. तो वाजवायला कुणी नव्हतं. मास्तरांनी तो गिरणीतून उपसला आणि सरळ शांतवनच्या गळ्यात घातला. "तुमी आमच्या छात्या मोजता ना? आता तुमची दावा."

शांतवननं आयुष्यात वाद्य वाजवलं नव्हतं. रविवारी ख्रिस्ती देवळात तो गाणी म्हणायचा, तेही मागच्या बाकावरून. पण दोन्ही पोरं समोरच्या ओट्यावर हाताची घडी घालून बसली होती. नाही म्हणायची सोय नव्हती. मास्तरांनी ट्रम्पेट उचललं, मान हलवली, एक, दोन, आणि शांतवननं पोटातला होता नव्हता तेवढा वारा भोंग्यात सोडला.

आवाज आला नाही. पीठ आलं. भोंग्याच्या वळणावळणांत साठलेलं वर्षभराचं बाजरीचं पीठ एका फटक्यात सुटलं आणि ओट्यावरची दोन्ही पोरं दिसेनाशी झाली. पीठ खाली बसलं तेव्हा छगनचे नुसते डोळे दिसत होते आणि गोरक्षनाथच्या गॉगलवर भाकरी थापता आली असती.

बँड थांबला नाही. मास्तर एक गाणं वाजवत होते, आसाराम दुसरंच. आपलंच बरोबर आहे याची दोघांनाही खात्री असल्यामुळं दोघं एकमेकांकडं बघून आवाज चढवत होते. दातांच्या फटीतून वारा निसटल्यानं क्लॅरोनेटमधून कुणीतरी मांजर पिळावं तसा सूर निघत होता. आणि भीमा! तीन वर्षं त्या माणसानं फक्त कांदे विकले होते. तो सगळा राग तो ढोलावर काढत होता. बाजारात हलकल्लोळ झाला. शेळ्या दावी तोडून पांगल्या, एक गाढव मिरच्यांच्या ढिगातून गेलं आणि सगळा बाजार शिंकू लागला.

मिरच्या साळूबाईंच्या होत्या. त्या हातात तागडी घेऊनच आल्या. "आरं सहाद्या, बंद कर! मेल्यांनो, कोन मेलं म्हनून वाजिवताय?"

भीमानं त्यांच्याकडं पाहिलं आणि शेवटचा ठोका दिला. ढोल फुटला. टिपरू आत गेलं, पाठोपाठ कोपरापर्यंत हात गेला.

शांतवननं गळ्यातला भोंगा उतरवून ठेवला. इतकं भयंकर वाजवणं त्यानं उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. वर्षानुवर्षं आपण सगळ्या नगरला हे ऐका म्हणून सांगत होतो, या विचारानं त्याचे कान तापले. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "म्हणजे, हे त्यांचं आत्ताचं झालं," तो पोरांना म्हणाला. "त्यांचं जुनं ऐकायला पाहिजे हुतं."

छगन डोळ्यांतलं पीठ पुसत म्हणाला, "वाईट आहे. फारच वाईट."

गोरक्षनाथ उठला. त्यानं गॉगल काढला. चेहरा पांढरा, त्यात डोळ्यांभोवती दोन काळे चौकोन.

"वाईटच आहे," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "पण छगन्या, केवढ्या मोठ्यांदा वाईट आहे! आपल्याला पाहिजे होतं ते हेच." आणि त्यानं भीमाचा ढोलातला हात बाहेर ओढून काढला आणि मिठीच मारली. "भीमाभाऊ, उद्या नगरला यायचं. तुम्ही सगळे."

मास्तरांनी पुन्हा एकदा विचारून घेतलं, "पन लगीन कुनाचं?"

तिघं संध्याकाळच्या गाडीनं परतले. घरी येऊन शांतवन पांघरूण घेऊन अंथरुणावर पडला आणि पँटीचा उजवा पाय तसाच राहिला. कृपाबाईंना त्या पोराची दया आली. त्यांनीच कापड मशीनवर घेतलं. कापडावर खडूनं 'मोहरी २४' लिहिलं होतं. चोवीस इंचाचा पाय कोण वेडा घालेल, ह्यांनी चौदाच्या जागी चोवीस लिहिलं, असं म्हणून त्यांनी चौदाची मोहरी करून टाकली. डावा पाय घडीत होता, तो उलगडून बघण्याचं काही कारण नव्हतं.

रविवारी पँट चढवेपर्यंत गोरक्षनाथला पत्ता नव्हता, आणि चढवल्यावर उपाय नव्हता. एका पायात घागरा आणि दुसऱ्यात चुडीदार घालून तो स्टेजवर गेला. मागं लाल कोटातले तिघं तिसगावकर. कोट शांतवननंच पूर्वी शिवलेले, पण आता बटणं लागत नव्हती म्हणून उघडेच. गिटार कुणालाही ऐकू आली नाही. छगनचा बाँगो छगनलाही ऐकू आला नाही. भीमानं गावच्या तालमीतून मोठ्या तोंडाचा ढोल मागून आणला होता, तो तेवढा ऐकू आला, पार सावेडीच्या मळ्यांपर्यंत. प्राचार्यांनी दोनदा पडदा पाडायला सांगितलं, पण पडदेवाला नाचत होता. पोरांनी सगळा कार्यक्रम पुन्हा घ्यायला लावला. दुसऱ्या दिवशी शांतवनच्या दुकानात पोरांची रांग लागली. सगळ्यांना पँट पाहिजे होती, एक पाय चोवीस आणि एक पाय चौदा.

नवजीवनचं नशीब असं उघडलं. त्या लग्नसराईत त्यांना उसंत मिळाली नाही. नगरात, शेवगावात, पार राहुरीपर्यंत लोक म्हणू लागले, वाजवावं तर नवजीवननं. मास्तरांनी गिरणी भावाला दिली, बँडाच्या नावात 'रॉक' घातलं आणि आसारामनं दात बसवून घेतले. ते नव्या पोशाखाची ऑर्डर घेऊन आले तेव्हा शांतवननं मापं घेतली, पण मनापासून नाही.

"काय झालं?" कृपाबाईंनी विचारलं. "तुमचा बँड ना तो? जन्मभर ज्यांच्यासाठी घसा कोरडा केलात, त्यांचं नाव झालं."

"तेच तर," शांतवन म्हणाला. "आता सगळेच ऐकतात."

"मग?"

"मग माझं काय राहिलं त्यात? आधी होता तो बँड राहिला न्हाई, कृपा."

"आधी तर तुम्हीच घरी येऊन पांघरूण घेऊन पडला होतात!"

काही दिवस शांतवन खरोखर हरवल्यासारखा झाला. गिऱ्हाईक यावं, माप द्यावं, शिलाईचं बोलावं आणि एकही बँड न ऐकता परत जावं, असं घडू लागलं. सायकलवाला काळजीनं विचारून गेला, तब्येत बरी आहे ना. मग एकदा कोपरगावकडचे दोन म्हातारे भाऊ एकच कोट शिवायला आले. त्यांचा दोघांचाच बँड होता. एक सनईसारखं काहीतरी वाजवायचा आणि दुसरा नुसता बरोबर चालायचा. त्यांना कुणीच बोलवत नसे. शांतवननं त्यांना चहा पाजला, मिसळ खाऊ घातली आणि ते गेल्यावर पहिल्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "तुम्हाला नवजीवन आवडतो ना? मग तुम्ही हे दोघं भाऊ ऐका."

पुढं पावसानं दगा दिला. दोन वर्षं लग्नं पाच माणसांत उरकली जात होती, त्यात बँड कुठला? चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात मात्र लग्नांचा पूर आला, आणि त्यात गोरक्षनाथचंही लग्न निघालं. आता त्यानं केस कापले होते आणि वडिलांबरोबर ऊस बघत होता. तो स्वतः नगरला आला. "मामा, बँड कोणता सांगू?"

शांतवननं त्या दोघा म्हाताऱ्या भावांचं नाव दिलं. कपडे टाकायला नवऱ्याचे वडील आले, त्यांना त्यानं बेलापूरकडचा एक जुना बँड सुचवला, जो फक्त कवायतीच्या चाली वाजवायचा. मुलीकडचे मामा योगायोगानं कोटासाठी आले. त्यांनी स्वतःहून नवजीवनचं नाव काढलं. त्यावर नाक मुरडायचा शांतवननं प्रयत्न केला, पण मामा ऐकेनात. तिघांनीही एकमेकांना न विचारता आपापल्या बँडाला सुपारी देऊन टाकली.

कोपरगावात वरातीला गोदावरीच्या बाजूनं नवजीवन आला, वेशीकडून कवायतवाले आले आणि मधल्या बोळातून ते दोघे भाऊ. चौकात तिघांची गाठ पडली. मागं हटायचं म्हणजे हार, म्हणून कुणीच हटेना. सहादेव मास्तरांनी आवाज चढवला, कवायतवाल्यांनी पावलं आपटली, आणि त्या भावांमधला नुसता चालणारा भाऊ इतका चेवात आला की आयुष्यात पहिल्यांदा तोंडानंच वाजवू लागला. नवरदेवाची घोडी गोरक्षनाथला घेऊन जी उधळली ती उसातच शिरली. फेटा सापडला, पण नवरदेव सापडायला बराच वेळ लागला. मुलीचे मामा आणि नवऱ्याचे वडील बँड कुणी सांगितला यावरून एकमेकांवर ओरडत होते, पण कोण काय बोलतंय ते कुणालाच ऐकू येत नव्हतं.

शांतवन बरोबर चौकाच्या मधोमध उभा होता. जिल्हाभरातली छाती न् छाती त्यानं एकेकटी मोजली होती. त्या सगळ्या आज एकदम, तिन्ही बाजूंनी त्याच्या अंगावर फुंकत होत्या. डोळे मिटून तो हसत होता. कृपाबाईंनी त्याचा दंड धरून ओढलं, तरी जागचा हलला नाही.

घरी आल्यावर आठवडाभर त्याला उजव्या कानानं ऐकू येत नव्हतं. गिऱ्हाईक एक सांगे, तो दुसरंच शिवे. वकिलांच्या काळ्या कोटाला त्यानं खांद्यावर पिवळे झुपके लावून दिले. वकिलांनी कोट फिरवून फिरवून बघितला, आरशात एकदा सलाम ठोकला आणि तसाच घेऊन गेले.